उन्हाळ्यातील दोन साधी सुखे

जळगाव-धुळ्याच्या श्रोत्यांपुढे उन्हाळ्याचे वर्णन करणे म्हणजे तापीकाठच्या माणसाला केळीची बाग दाखविण्यासारखेच आहे. वैशाखात पारा ४४ अंशांवर जातो आणि दुपारचे रस्ते ओस पडतात. तरीही या ऋतूत थोड्या खर्चात मिळणारी दोन सुखे आहेत. अंगणातील चार झाडे हे एक, आणि पहाटे कुत्र्याला घेऊन केलेला फेरफटका हे दुसरे. दोहोंच्या मुळाशी असलेला नियम एकच आहे.

तो नियम आपल्या घरच्या माठात दिसतो. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते. म्हणून आतले पाणी गार राहते. झाडाचे पानही आपल्या रंध्रांतून वाफ सोडून असेच थंड राहते. कुत्र्याला पंजांच्या तळव्यांखेरीज फारसा घाम येत नाही. म्हणून तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो. या गारव्याची किंमत तिघांनाही पाण्यानेच द्यावी लागते.

मग टंचाईच्या दिवसांत बाग करावी काय? अवश्य करावी, पण हिशेबाने. पाणी सूर्यास्तानंतर किंवा पहाटे घालावे. आळ्यात पालापाचोळ्याचा किंवा केळीच्या वाळक्या पानांचा थर पसरावा. त्याने माती लवकर सुकत नाही. रोपाशेजारी बिनझिलईचे मडके गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावे आणि वर झाकण ठेवावे. माती कोरडी होईल तसे ती मडक्यातले पाणी ओढून घेते. तांदूळ, भाज्या धुतलेले पाणी मोगऱ्याला चालते. पांझरेकाठची फड पद्धती हेच शिकविते. तेथे बंधाऱ्याचे पाणी पाटाने येते, एका फडात एकच पीक घेतात आणि पाळीप्रमाणे प्रत्येकाच्या शेताला पाणी मिळते. शेकडो वर्षे ही व्यवस्था चालत आली, ती पाणी मुबलक होते म्हणून नव्हे, तर ते वाटून घेण्याची शिस्त होती म्हणून.

आता कुत्र्याविषयी. डांबरी रस्ता हवेपेक्षा पुष्कळच अधिक तापतो, आणि आपल्या पायांत वहाणा असल्याने ते आपल्या ध्यानात येत नाही. रस्त्यावर हाताची मागील बाजू ठेवून पाहावी. पाच-सात सेकंद सोसवत नसेल तर कुत्र्याला तेथून नेऊ नये. जळगावकरांनी मेहरूण तलावाकडे, धुळेकरांनी पांझरेकडे जावे ते उजाडतानाच. पत्र्याच्या छपराखाली किंवा बंद मोटारीत त्याला मुळीच ठेवू नये. धापा थांबेनात, लाळ गळू लागली, पाय लटपटू लागले, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत नेऊन अंगावर साधे गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि विलंब न करता पशुवैद्यांकडे न्यावे. रेबीजची लस वेळेवर टोचून घेणे हे तर शेजाऱ्यांप्रतीही आपले कर्तव्य आहे.

तहान लागली की आपण उठून माठाकडे जातो. कुंडीतल्या रोपाला आणि साखळीने बांधलेल्या कुत्र्याला ती मुभा नाही. म्हणून या दोन सुखांचा आरंभ घरच्या मंडळींपैकी एकाने रोज ठरलेल्या वेळी मडके आणि पाण्याचे भांडे भरण्यापासून व्हावा, एवढीच आमची विनंती आहे.