फळमाशीला वास कसा कळतो?

वसमतकडची पिकलेली केळी दोन दिवस टोपलीत राहिली, की त्यांच्यावर लालसर डोळ्यांच्या बारीक माशा घिरट्या घालू लागतात. टोपली दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा, थोड्या वेळाने त्या तेथेही हजर! यांतल्याच एका जातीला शास्त्रज्ञ ‘ड्रोसोफिला मेलॅनोगास्टर’ म्हणतात. आपण फळमाशी म्हणू. हिचा मेंदू खसखशीच्या दाण्याहूनही लहान. मग केळे कोठे आहे हे तिला कळते तरी कसे?

औंढा नागनाथजवळच्या लायगो वेधशाळेला मंजुरी मिळाल्यापासून आमच्या हिंगोली जिल्ह्यातील विद्यार्थी मला गुरुत्वीय लहरींविषयी हमखास विचारतात. बारावीच्या एका मुलीने मात्र निराळेच विचारले. “सर, मेंदूचा अभ्यास करायचा तर डॉक्टरच व्हावं लागतं का? नीटमध्ये तेवढे गुण मला पडायचे नाहीत.” मी तिला या माशीची आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांची गोष्ट सांगितली.

व्हेरोनिका मूळच्या गोव्याच्या कुटुंबातल्या, पण वाढल्या केनियात. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकत असताना त्यांनी ओबेद सिद्दीकी यांचे संशोधन वाचले आणि १९७६ मध्ये पदवी घेतल्यावर त्या थेट मुंबईला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, सिद्दीकींच्या हाताखाली काम करण्यासाठी आल्या. सिद्दीकींना १९६२ मध्ये होमी भाभांनी तेथे बोलावले होते, आणि त्यांचे नाव भाभांना सुचवले होते लिओ झिलार्ड यांनी. झिलार्ड म्हणजे अणूतील साखळी प्रक्रियेची कल्पना मांडणारे पदार्थवैज्ञानिक! माशीच्या वर्तनावर सिद्दीकींनी ज्यांच्याबरोबर काम केले ते सेमूर बेन्झर हेही पदार्थविज्ञानाचेच पीएच.डी. (आमच्या विषयाची थोडी फुशारकी मारू द्या.)

आता व्हेरोनिकांपुढचा प्रश्न पाहा. माशी वासाकडे जाते, हे झाले वर्तन. त्यामागे नाकाचे काम करणाऱ्या शृंगिका आहेत, मज्जातंतू आहेत, मेंदू आहे. या साखळीतली एकेक कडी वेगळी कशी काढायची? रेडिओ कसा चालतो हे समजत नसेल, तर त्यातला एकच भाग बिघडवून कोणता आवाज बंद पडतो ते पाहावे, तशी ही युक्ती. माशांना साखरपाण्यातून एक रसायन पाजतात. त्याने त्यांच्या जनुकांत कोठेतरी बदल घडतो. मग त्यांच्या संततीतून ‘चुकणाऱ्या’ माशा शोधायच्या.

शोधण्याचे साधन अगदी साधे. इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराची नळी घ्यायची. एका फाट्यात वास, दुसऱ्यात नुसती हवा. माशा खालून सोडायच्या आणि कोणत्या फाट्यात किती गेल्या ते मोजायचे. पुन्हा सोडायच्या, पुन्हा मोजायचे. वासाकडे न जाणारी माशी सापडली, तरी लगेच आनंद मानायचा नाही. तिला वास येत नाही, की तिला धड चालताच येत नाही? मग ती उजेडाकडे नेहमीसारखी जाते का, हे तपासायचे. उजेडाकडे जाते आणि वासाकडे मात्र जात नाही, तरच ती आपल्या कामाची. मला या संशोधनात सर्वांत आवडतो तो हा संशयीपणा.

व्हेरोनिका आणि सिद्दीकी यांनी १९७८ मध्ये अशा माशांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यातली गंमत अशी, की काही माशांना कडू बदामाच्या वासाचे बेन्झाल्डिहाइड ओळखता येईना, पण फळासारख्या वासाचे इथिल ॲसिटेट मात्र बरोबर कळे! म्हणजे सर्व वासांना मिळून एकच दार नाही. निरनिराळ्या वासांच्या वाटा वेगळ्या आहेत, आणि एकेक वाट एकेका जनुकाच्या बिघाडाने बंद पडू शकते. चवीचेही तसेच निघाले. वास ओळखणारी ग्राहक-जनुके प्रत्यक्ष हाती लागली ती १९९१ मध्ये, अमेरिकेत लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना, उंदरांत. त्याबद्दल त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

व्हेरोनिका पुढे जर्मनीत ट्यूबिंगेनला जाऊन आल्या, मुंबईत आणि नंतर बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात त्यांनी विद्यार्थी घडवले. २०१० मध्ये त्या वारल्या.

मुलीला मी एवढेच सांगितले, की बी.एस्सी. किंवा एम.एस्सी. करून प्रवेश परीक्षा आणि मुलाखत देऊन या संस्थांत जाता येते, पदार्थविज्ञानाचे विद्यार्थीही मेंदूच्या संशोधनाकडे वळतात, आणि पीएच.डी. करताना शिष्यवृत्ती मिळते. घरी सांगताना ही शेवटची बाब विसरू नकोस, असेही म्हणालो.

तिने दुसऱ्याच आठवड्यात दोन बाटल्या घेतल्या. एकीत केळ्याची फोड, दुसरीत काकडीची, आणि दोन्हींच्या तोंडांना कागदाची नरसाळी, म्हणजे आत गेलेली माशी सहसा बाहेर येत नाही. सकाळी केळ्यात सतरा माशा, काकडीत दोन. ती आकडे घेऊन आली तेव्हा मी विचारले, “खिडकीजवळ कोणती बाटली होती?” ती क्षणभर गप्प राहिली. “केळ्याची,” म्हणाली, आणि बाटल्यांची अदलाबदल करायला घरी गेली.