टेस्ट राईडला निघताना आधी मोड बघा

स्पोर्ट टूरर घ्यायचीय? मग शोरूममधून निघण्याआधी डिस्प्लेवर कोणता मोड लावलाय ते बघा. मी ठाण्यात अपाची आरआर ३१० आणि कल्याणला डोमिनार ४०० चालवून पाहिली. आरआरला अर्बन, रेन, स्पोर्ट, ट्रॅक असे चार मोड. २०२५ च्या डोमिनारलाही चार आहेत (टेस्टची गाडी जुनी असेल तर नसतील, विचारून घ्या). यात तुम्ही मूठ किती पिळली ते सेन्सर मोजतो आणि थ्रॉटल किती उघडायचा ते ईसीयू ठरवतो. आरआर तर अर्बन आणि रेनमध्ये पॉवरच कमी देते. एक बाईक रेनमध्ये, दुसरी स्पोर्टमध्ये चालवली, तर तुलना बाईकची नाही, सेटिंगची होते.

दुसरं, वजन. डोमिनार १९३ किलो, आरआर १७४. मोकळ्या रस्त्यावर फरक फारसा जाणवत नाही. डोंबिवलीच्या गल्लीत यू-टर्न घेताना लगेच कळतो. म्हणून सेल्समनकडे मोकळा रस्ता मागू नका, ट्रॅफिक मागा. शिळफाट्याचा जाम मिळाला तर उत्तमच! फॅन सुरू झाल्यावर गरम हवा पायावर येते का, ते तिथेच समजतं. आरआरवर पुढे वाकून बसावं लागतं, मनगटं दहा मिनिटांनी बोलायला लागतात. मागे मित्राला बसवा, त्यालाही विचारा.

आणि फोन खिशात ठेवा. मोठ्या इंजिनाच्या बाईकच्या हँडलला आयफोन लावू नका, असं ॲपलनेच २०२१ मध्ये सांगितलंय. कंपनांमुळे कॅमेऱ्याचं ओआयएस बिघडू शकतं.