विश्लेषण : बनमस्का-चहाचा हिशेब का जुळेना? इराणी हॉटेलांपुढे कोणते पेच?

मुंबई-पुण्यात सकाळच्या न्याहारीचा स्वस्त आणि हक्काचा ठिकाणा म्हणजे कोपऱ्यावरचा इराणी. ही हॉटेले आजही गर्दीने भरलेली दिसतात, तरीही एकेक करून बंद होत आहेत. गिऱ्हाईक असूनही धंदा का परवडत नाही, याविषयी…

इराणी हॉटेले आली कुठून?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इराणच्या यझ्द आणि करमान भागातून झरथुष्ट्री कुटुंबे मुंबईत येऊ लागली. तिकडे गैरमुस्लिमांवरील जिझिया कर आणि भेदभाव होता. त्यात १८७०-७२चा भीषण दुष्काळ पडला. मुंबईच्या पारशी समाजाचे प्रतिनिधी माणेकजी लिमजी हातरिया यांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर १८८२ मध्ये तेथील झरथुष्ट्रींवरील जिझिया रद्द झाला. पण स्थलांतर थांबले नाही. मुंबईत आलेल्यांपैकी अनेकांनी आधी पारशी घरांत आणि दुकानांत नोकरी केली, मग चहाचा धंदा धरला. धोबी तलावचे कयानी १९०४ चे, पुण्याच्या डेक्कनवरील गुडलक १९३५ चे. पुणे आणि हैदराबादेत इराणहून आलेल्या मुस्लीम कुटुंबांनीही असाच व्यवसाय केला.

कोपऱ्यावरचीच जागा का?

कोपऱ्यावरची जागा अशुभ, अशी समजूत असल्याने इतर व्यापारी ती टाळत आणि इराण्यांना ती स्वस्तात मिळे, असे सांगितले जाते. कारण काहीही असो, जागा फायद्याची ठरली. दोन रस्त्यांवरून गिऱ्हाईक आत येते, उजेड आणि वारा भरपूर मिळतो. आत संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आणि भिंतींवर मोठे आरसे. आरशांमुळे गल्ल्यावर बसलेल्या मालकाला जागेवरूनच सगळी टेबले दिसतात. अनेक ठिकाणी गल्ल्याशेजारच्या कपाटात साबण, बिस्किटे, टूथपेस्टही विकायला असे.

न्याहारीला नेमके काय मिळते?

सर्वात साधी मागणी बनमस्का आणि चहा. बन मऊ आणि किंचित गोड असतो. ब्रून हा कडक सालीचा पाव; तो कापून आत मस्का थापतात आणि चहात बुडवून खातात. चहा दाट आणि गोड. आणखी कडक हवा असेल तर ‘पानी कम’ एवढे सांगितले की पुरते. भूक मोठी असेल तर आम्लेट-पाव, कांदा-मिरचीची अकुरी किंवा खिमा-पाव. सोबत खारी आणि मावा केक.

पहाटे उघडणाऱ्या या हॉटेलांनी गिरणी कामगार, टॅक्सीचालक, विद्यार्थी आणि एकटे राहणारे चाकरमानी यांना पोसले. जातिधर्मानुसार खानावळी वेगळ्या असण्याच्या काळात येथे कोणीही कोणाच्याही शेजारी बसून चहा पिऊ शके. टेबलावर जागा रिकामी असेल तर अनोळखी माणूस सहज समोर येऊन बसतो. ही सवय आजही टिकून आहे.

गर्दी असूनही परवडत का नाही?

पहिले कारण टेबलाचा वेळ. बनमस्का-चहावर पेपर वाचत अर्धा-पाऊण तास बसणारे गिऱ्हाईक हीच या हॉटेलांची ओळख. पण तेवढ्या वेळात ते टेबल दुसरे बिल देत नाही. दर वाढवावेत, तर रोजचा माणूस तुटतो.

दुसरे कारण कर. बहुतांश साध्या उपाहारगृहांना ५ टक्के जीएसटी लागतो, पण कच्चा माल आणि सेवांवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. व्यावसायिक सिलिंडरवरचा १८ टक्के कर मालकाच्याच अंगावर पडतो. तिसरे, ब्रूनमस्का डब्यात घालून घरपोच देण्याची वस्तू नाही. ताटलीत आल्यावर दोन मिनिटांत खाल्ला नाही तर त्याची मजा जाते. त्यामुळे ॲपवरच्या धंद्याचा फारसा आधार मिळत नाही.

जागेच्या भाड्याचा पेच काय?

अनेक जुनी हॉटेले पागडीच्या जागेत आहेत. मुंबईत १९४७च्या कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली गेली. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली. म्हणजे या हॉटेलांचे स्वस्त दर बऱ्याच अंशी या जुन्या भाड्यावर उभे आहेत. त्याच जागेचा बाजारभाव मात्र कित्येक पटींनी वाढला आहे. पागडीचा हक्क विकला तर प्रथेनुसार मालकाचा वाटा देऊनही कुटुंबाच्या हाती मोठी रक्कम येते. इमारत पुनर्विकासाला गेली तर काही वर्षे धंदाच बंद. तोवर गिऱ्हाइकाची सवय मोडते आणि कारागीर पांगतात.

भट्टीचा प्रश्न कशामुळे?

हवा प्रदूषणाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ रोजी लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. लाकडाच्या धुराचा त्रास आसपासच्या रहिवाशांना होतो, यात वाद नाही. पण विटांच्या भट्टीची आच तासन्‌तास टिकते, ब्रूनची साल तिच्यात कडक होते. नवी भट्टी बसवायची तर भांडवल आणि जागा दोन्ही हवी. स्वतःची भट्टी नसलेल्या हॉटेलांनाही पाव पुरवणाऱ्या बेकरीचा वाढीव खर्च सोसावा लागतो.

पुढची पिढी का नाही?

पहाटे चारला उठून रात्रीपर्यंत गल्ल्यावर बसायचे, सुट्टी नाही. शिकलेली मुले वेगळ्या व्यवसायांत गेली, काही परदेशी. त्यात समाजच लहान. २००१च्या जनगणनेत देशात ६९,६०१ पारशी होते, २०११ मध्ये ५७,२६४. वारस नसला की चालता धंदाही थांबतो.

मग टिकण्याचा मार्ग कोणता?

लंडनमध्ये २०१० पासून ‘डिशूम’ ही उपाहारगृहे मुंबईच्या इराणी हॉटेलांच्या धर्तीवर चालतात आणि तेथे रांगा लागतात. म्हणजे चवीला आणि वातावरणाला बाजार आहे. पण ते दर सकाळच्या पाळीवरून येणाऱ्या माणसाला परवडणारे नाहीत. येथे काहींनी जेवणाचे पदार्थ वाढवले, तर काहींनी केक-बिस्किटांच्या पुड्यांच्या विक्रीवर भर दिला. दुपारच्या बिलातून सकाळचा चहा स्वस्त ठेवायचा, हा त्यातला हिशेब. जागा कुटुंबाकडे राहिली आणि कारागीर टिकले तरच तो जुळतो. धोबी तलावचे ‘बस्तानी’ केव्हाच बंद झाले, तेव्हा हळहळणाऱ्यांची कमी नव्हती. रोज चहा प्यायला येणाऱ्याला मात्र त्या दिवसापासून दुसरे टेबल शोधावे लागले.