आयरिश भाषा : एक लेखन, तीन उच्चार

आयर्लंडची स्वतःची भाषा आयरिश ही रोमन लिपीत लिहिली जाते. परंतु इंग्रजीच्या सवयीने ती वाचू जाणाऱ्याची पहिल्याच ओळीत फसगत होते. एफ, ई, ए, आर ही चार अक्षरे ओळीने दिसली की आपण 'फिअर', म्हणजे भीती, असे वाचून मोकळे होतो. आयरिश माणूस तोच शब्द 'फ्यार' असा उच्चारतो, व त्याचा अर्थ 'पुरुष' असा आहे. आता यातील ई या अक्षराच्या डोक्यावर एक तिरकी रेघ द्यावी. लगेच शब्द बदलतो आणि 'गवत' असा अर्थ होतो. या दुसऱ्या शब्दाचा उच्चार विचारला तर पश्चिमेकडील माणूस 'फेर' म्हणेल, दक्षिणेकडील 'फिअर' म्हणेल. मग या दोहोंत शुद्ध कोणता? आमचे उत्तर आरंभीच सांगून ठेवतो : दोन्ही शुद्ध आहेत. मात्र याचा अर्थ कोणताही उच्चार चालतो असा नव्हे. हे कसे, तेच येथे पाहावयाचे आहे.

जेथे आयरिश भाषा पिढ्यान्‌पिढ्या घरात बोलली जात आली, ते मुलूख आज बहुतेक समुद्रकाठी विखुरलेले आहेत. वायव्येस अल्स्टर प्रांतातील डोनेगल, पश्चिमेस कॉनॉट प्रांतातील कॉनमारा व मेयो, आणि दक्षिणेस मन्स्टर प्रांतातील केरी, कॉर्क व वॉटरफर्ड. मधल्या प्रदेशातून भाषा मागे हटत गेली, तसा या बोलींचा एकमेकींशी असलेला शेजार तुटला, व प्रत्येकीचे वळण ठळक झाले.

तरीही तिन्ही बोलींच्या मुळाशी एक नियम समान आहे. या भाषेत बहुतेक व्यंजनांची दोन रूपे असतात. एकास 'रुंद' व दुसऱ्यास 'बारीक' म्हणतात. बारीक व्यंजन उच्चारताना जीभ टाळूकडे उचलली जाते, जणू त्यास एक पुसटसा 'य' चिकटलेला असतो. लेखनात हा भेद शेजारच्या स्वराने दाखवितात : ए, ओ, यू ही अक्षरे जवळ असली तर व्यंजन रुंद, ई किंवा आय असले तर बारीक. म्हणजे 'फ्यार' या शब्दातील ई हा उच्चारावयाचा स्वर नाहीच. फ बारीक आहे हे सांगणारी ती केवळ खूण होय. शब्दांत स्वरांची एवढी दाटी का, याचा उलगडा यातून होतो.

मराठी माणसास ही गोष्ट अगदी परकी वाटू नये. 'पैसा' याचे 'पैशाचा' होते, 'मासा' याचे 'माशाचा' होते. शब्द तोच, पण विभक्तीबरोबर स चा श होतो. आयरिशमध्ये होडीला 'बाद' म्हणतात, व त्यातील द आपल्या द सारखाच दंत्य आहे. अनेक होड्या म्हणावयाच्या तर द च्या आधी आय हे अक्षर घालतात. उच्चार 'बाइद' होत नाही. द बारीक होऊन 'बाद्य' असा होतो, आणि डोनेगलमध्ये तो ज कडे झुकतो. एक होडी की अनेक, हे त्या शेवटच्या व्यंजनावरूनच ओळखावयाचे असते.

आता बोलींतील फरक पाहू. सी, ई, ए आणि दोन एन असा लिहिलेला शब्द म्हणजे 'डोके'. कॉनमारात तो 'क्यान', मन्स्टरात 'क्यौन', डोनेगलमध्ये आखूड 'क्यन'. 'वेळ' या अर्थाचा शब्द पश्चिमेस 'आम', दक्षिणेस 'औम', उत्तरेस 'अम'. दोन्ही शब्दांत स्वर त्याच वाटेने बदलला, हे लक्षात यावे. मुलीला 'कॅलीन' म्हणतात. मन्स्टरात जोर शेवटच्या दीर्घ अक्षरावर येतो, इतरत्र पहिल्यावर, आणि डोनेगलमध्ये ते शेवटचे अक्षर ऱ्हस्वही होते. 'बायका' या अर्थाचा शब्द दक्षिणेस 'म्ना', तर पश्चिमेस व उत्तरेस 'म्रा'. तद्वतच टेकडी दक्षिणेस 'क्नॉक' आणि वर 'क्रुक'. 'आयुष्य' मन्स्टरात 'सेल' आहे, पश्चिमेस 'सील'. मात्र त्याच्याशी लेखनात जवळ असलेला 'बीज' या अर्थाचा शब्द आहे 'शील', कारण तेथे स बारीक आहे.

यावरून बोली आणि चूक यांतील सीमा स्पष्ट होते. 'सेल' की 'सील' हा गावाचा प्रश्न. पण 'सील' आणि 'शील' एकसारखे उच्चारले तर आयुष्य आणि बीज यांत भेद उरत नाही. पहिल्यात भाषेची विविधता आहे, दुसऱ्यात भाषेचे नुकसान आहे.

आयर्लंडने १९५८ साली लेखन व व्याकरण यांचे अधिकृत प्रमाण ठरविले. आपल्याकडे १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. तशी तेथे अनेक मुकी अक्षरे गळाली. परंतु उच्चाराचे प्रमाण या नियमांनी ठरविले नाही. याची एक बाजू अवघड आहे. २०२२ च्या जनगणनेत आयरिश प्रजासत्ताकातील सुमारे पावणेएकोणीस लक्ष लोकांनी आपणांस आयरिश येते असे सांगितले. शाळेबाहेर रोज ती बोलणारे मात्र सुमारे ७२ हजारच होते. म्हणजे पुष्कळांची भाषा शाळेतून आलेली, आणि इंग्रजीच्या कानाने ऐकलेली. अशा वेळी रुंद-बारीक हा भेदच प्रथम पुसला जातो. १९७२ साली सुरू झालेल्या आयरिश नभोवाणीचे मोल येथे कळते. तिच्यामुळे डोनेगलचा उच्चार केरीच्या घरात पोहोचला.

म्हणून शिकणाऱ्याने एक बोली निवडावी, तिच्या बोलणाऱ्यांकडून ती कानाने घ्यावी आणि तिच्याशी एकनिष्ठ राहावे. इतर दोन बोली बोलता आल्या नाहीत तरी चालेल. त्या ऐकून ओळखता याव्यात. लेखन तिघींना एकत्र ठेवते. ते वाचावे कसे, हे मात्र त्या त्या गावच्या माणसाच्या तोंडूनच शिकावे लागते.