उत्तर श्रीलंकेतील भूसुरुंगनिवारण : समज आणि वस्तुस्थिती

श्रीलंकेतील यादवी युद्ध मे 2009 मध्ये संपले, तेव्हा जाफना, किलिनोच्ची, मुल्लैतिवू, मन्नार आणि वावुनिया या उत्तरेकडील जिल्ह्यांत अनेक भातशेते, विहिरींच्या वाटा आणि ताडांची बने भूसुरुंगांमुळे बंद पडलेली होती, आणि छावण्यांत राहणाऱ्या सुमारे तीन लाख विस्थापितांपैकी बहुतेकांचे घरी परतणे ही जमीन निर्धोक होण्यावरच अवलंबून होते. या सुरुंगांविषयी आणि ते काढणाऱ्यांविषयी मात्र चित्रपटांनी रुजवलेल्या कल्पनाच अधिक प्रचलित आहेत.

सुरुंगावर पाय पडला की ‘खट्’ असा आवाज होतो आणि पाय उचलेपर्यंत स्फोट होत नाही, हा त्यांतील सर्वांत पसरलेला समज निराधार आहे. येथे सापडणारे बहुतेक सुरुंग व्यक्तिविरोधी, म्हणजे माणसाच्या पावलाचा दाब पडताच फुटणारे असतात. चिनी बनावटीचा ‘टाइप 72’ हा सुरुंग जेमतेम आठ सेंटीमीटर व्यासाचा असून त्यात सुमारे 50 ग्रॅम स्फोटक असते, आणि पाऊल तोडण्यास तेवढे पुरते. काळ लोटला की सुरुंग आपोआप निकामी होतात, असेही मानले जाते. परंतु साध्या यांत्रिक सुरुंगाला वीज लागत नाही आणि त्याचे प्लॅस्टिकचे आवरण गंजत नाही, त्यामुळे तो दशकानुदशके जिवंत राहू शकतो. काही सुरुंग बिघडतातही, पण बिघडलेला कोणता हे वरून कळत नसल्याने प्रत्येक सुरुंग जिवंतच धरावा लागतो.

मेटल डिटेक्टर फिरवला की सुरुंग सापडतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. प्लॅस्टिकच्या सुरुंगात धातू नाममात्र असतो, तर मुहमालईसारख्या जुन्या आघाडीच्या ठिकाणी, जेथे दोन्ही सैन्ये वर्षानुवर्षे समोरासमोर होती, मातीत काडतुसांची टरफले आणि तोफगोळ्यांचे तुकडे इतके मिसळलेले आहेत की उपकरण पावलोपावली वाजत राहते. म्हणूनच उत्तरेतील भुसभुशीत, रेताड जमिनीत लांब दांड्याच्या दंताळ्याने माती थराथराने ओढून काढण्याची पद्धत रुजली. आखून दिलेल्या अरुंद पट्ट्यात कामगार जाड दंताळ्याने माती सैल करतो, हलक्या दंताळ्याने ती मागे घेतो आणि सुरुंगाच्या माथ्यावर दाब न येता त्याची कड उघडी पडेल अशा बेताने पुढे सरकतो. अंगावर संरक्षक कवच, तोंडावर जाड पारदर्शक व्हायझर आणि डोक्यावर ऊन अशा स्थितीत दिवसभरात उलगडणारी जमीन काही चौरस मीटरच असते.

या संथपणाला भित्रेपणा किंवा कामचुकारपणा समजणे अन्यायाचे आहे. लढाईत सैन्य सुरुंगांतून वाट काढते तेव्हा ती अरुंद असली तरी चालते आणि थोडा धोका शिल्लक राहिलेलाही पत्करला जातो. मानवतावादी सुरुंगनिवारणात मात्र ठरलेल्या खोलीपर्यंत जमिनीचा प्रत्येक हात तपासावा लागतो, कारण उद्या तेथे नांगर चालणार असतो आणि मुले खेळणार असतात. तेव्हा सुरुंग किती सापडले यावर हे काम मोजणे मुळातच चुकीचे होय. ज्या तुकड्यात काहीही निघाले नाही, तोही त्याच श्रमाने तपासलेला असतो, आणि शेतकऱ्याला हवी असते ती नेमकी हीच खात्री.

हे केवळ सैनिकांचे काम आहे, हाही समज टिकत नाही. श्रीलंकेच्या लष्कराची पथके त्यात आहेत आणि भारत सरकारच्या खर्चाने भारतीय पथकांनीही तेथे काम केले. परंतु सुरुंग काढणाऱ्या स्वयंसेवी संस्थांच्या पथकांत मोठ्या संख्येने आहेत ती त्याच परिसरातील प्रशिक्षित माणसे, आणि त्यांत युद्धात पती गमावलेल्या, घर एकटीने चालवणाऱ्या तमिळ स्त्रियाही आहेत. त्यांना धाडसी म्हणून गौरवताना त्यांच्या पगाराचे पुढे काय होणार, हा प्रश्न सहसा कोणी काढत नाही. श्रीलंका डिसेंबर 2017 मध्ये व्यक्तिविरोधी सुरुंगांवर बंदी घालणाऱ्या ओटावा करारात सामील झाली आणि करारानुसार तिला सुरुंग काढण्यासाठी 2028 पर्यंतची मुदत मिळाली. जमीन पूर्ण मोकळी झाली की या स्त्रियांची नोकरीही संपणार आहे. त्यामुळे त्यांना दुसरे कौशल्य आणि रोजगार मिळवून देणे हा सुरुंगनिवारणाच्या नियोजनाचाच भाग मानला गेला पाहिजे, आणि त्याची तरतूद शेवटचा पट्टा तपासून होण्याआधी व्हायला हवी.