धुक्यातलं जुनं झाड आणि आपला कॅमेरा

मैत्रिणींनो, आज दुपारची कामं आटोपली की घरातले सहलीचे फोटो जरा काढून बघा. महाबळेश्वर, भीमाशंकर, आंबोली – ठिकाणं बदलतात, पण फोटो एकच! पुढे मंडळी ओळीनं उभी आणि मागे कुठलंसं झाड, तेही शेंडा कापलेलं.

माझ्याकडचेही असेच होते. घाटमाथ्यावरच्या माझ्या माहेरी देवराई आहे. तिच्यात हिरड्याचं एक जुनं झाड होतं. आजी म्हणायची, "मी लग्न होऊन आले तेव्हाही ते एवढंच होतं गं." एका पावसाळ्यात ते उन्मळून पडलं. आईला त्याचा फोटो हवा होता. आम्ही पंचवीस वर्षांचे फोटो चाळले. सापडला तो काकांच्या खांद्यामागचा हातभर बुंधा! आईनं तो फोटो मुकाट्यानं माझ्या हातात परत दिला. तेव्हापासून मी झाडांचे फोटो काढायला शिकले. अवघड नाही, बरं का!

सह्याद्रीतली जुनी झाडं पुष्कळशी टिकली ती देवरायांमुळे. देवाच्या नावानं राखलेलं हे रान. तिथं कोयता चालवायचा नाही, असा दंडक. माधव गाडगीळ आणि वर्तक या शास्त्रज्ञांनी पश्चिम घाटातल्या या रायांवरचा आपला अभ्यास १९७६ साली प्रसिद्ध केला. महाबळेश्वरला तर जांभूळ, अंजन, पिसा ही झाडं वाऱ्यामुळे आणि जांभ्यावरच्या उथळ मातीमुळे बुटकी, वाकडीतिकडी वाढतात. पावसाळ्यात त्यांच्या अंगावर शेवाळ, नेचे आणि आमरी डवरतात.

"धुक्यात कसले फोटो काढतेस?" असं घरचे म्हणतील. पण धुकं आपल्या सोयीचंच! एरवी गर्द रानात एक झाड दुसऱ्यात मिसळून जातं. धुकं मागचा पसारा झाकतं आणि आपलं झाड एकटं उठून दिसतं. जवळची फांदी काळी, लांबची फिकट, अशी खोलीही आपोआप येते. पहाटे, मंडळी उठायच्या आत, एखाद्या सोबतिणीला घेऊन निघा. चहा आल्यावर होईल!

आता चार गोष्टी ध्यानात ठेवा. पांढरं धुकं पाहून कॅमेरा फसतो. उजेड फार आहे असं समजून फोटो काळपट काढतो. मोबाइलवर झाडावर बोट टेकवा, सूर्याचं चिन्ह येईल, ते थोडं वर सरकवा. धुकं पुन्हा पांढरं दिसेल. फ्लॅश मात्र बंद ठेवा. त्याचा उजेड पाण्याच्या थेंबांवर आपटून परततो आणि फोटोभर ठिपके उठतात. लांबून झूम करू नका. मधे जेवढं धुकं जास्त, तेवढं झाड पुसट. पायवाटेनं जवळ जा. मुळांवर, शेवाळावर पाय नको. माणूस हवंच असेल तर झाडाच्या पुढे नव्हे, बुंध्याशेजारी उभं करा, म्हणजे झाडाचा घेर कळतो.

भिंग पुसायला पदर वापरू नका, त्यातल्या धुळीनं चरे पडतात. धुतलेल्या मऊ मलमलीचा तुकडा जवळ ठेवा. थंडीतून उबदार खोलीत आलात की कॅमेरा अर्धा तास पिशवीतच राहू द्या, नाहीतर भिंगावर दव धरतं. नव्या पर्सबरोबर येणाऱ्या, ओल शोषणाऱ्या पुड्या फेकू नका. कॅमेऱ्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात त्या टाका, म्हणजे बुरशी धरत नाही.

देवराईत जाण्याआधी गावात विचारा. चपला कुठं काढायच्या, फोटो चालतो का, हे तिथली माणसंच सांगतील. झाडाचं गावातलं नावही त्यांनाच विचारा. फोटोमागे तारीख, गाव आणि ते नाव लिहून ठेवा. दरवर्षी त्याच जागेवरून एक फोटो काढा.

मागच्या पावसाळ्यात त्याच राईतल्या जांभळीचा फोटो मी आईला नेऊन दिला. शेंड्यापासून मुळापर्यंत अख्खी जांभळ! आईनं चष्मा लावला, फोटो खिडकीशी धरला आणि म्हणाली, "हिच्याखाली आम्ही सागरगोटे खेळायचो." हे मला माहीतच नव्हतं. तेही मी फोटोमागे लिहून ठेवलंय.