गाडी टिक-टिक करते, पण सुरू होत नाही

आजचा भाग छोटा आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहून काढलंय.

डिसेंबरची संध्याकाळ. गडचिरोलीहून चंद्रपूरला निघालो होतो, शेजारी बाबा. मूल सोडलं की दोन्ही बाजूंनी जंगल लागतं. बाबांची गोळी घ्यायची वेळ झाली म्हणून गाडी कडेला घेऊन बंद केली. दोन मिनिटांनी चावी फिरवली, तर नुसतं टिक-टिक-टिक.

"का झालं रे? धक्का मारू का?"

"बाबा, तुम्ही खाली उतरू नका."

अंधार पडत होता, रेंज नव्हती, आणि त्या पट्ट्यात वाघ रस्ता ओलांडतात हे चंद्रपूरच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. मी काचा वर घेतल्या, पार्किंग लाइट लावले आणि कोड डीबग करतो तसा विचार सुरू केला.

आधी आवाज ऐका. सेल्फ फिरतोय, इंजिन घुर्र-घुर्र करतंय पण पेटत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका, पेट्रोल किंवा स्पार्ककडे बघा. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून बारीक 'हूं' येतो तो फ्युएल पंपाचा. तो आलाच नाही तर फ्यूज किंवा पंप. अजिबात आवाज नाही, तर क्लच पूर्ण दाबलाय का बघा, कारण बऱ्याच नव्या गाड्या त्याशिवाय सेल्फ घेतच नाहीत. ऑटोमॅटिक असेल तर गिअर पी किंवा एनमध्ये हवा. (हसू नका, माझा एक मित्र यासाठी मिस्त्रीला घेऊन आला होता.)

टिक-टिक म्हणजे करंट येतोय, पण पुरत नाही. इथे सगळे म्हणतात, "बॅटरी गेली." पण गाडी तासभर सलग चालली होती, म्हणजे अल्टरनेटरनं बॅटरी भरली असणार. चालताना डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवाही लागला नव्हता. मग राहिलं काय? जोडणी.

बारावीचा ओहमचा नियम आठवा. टर्मिनलवर पांढरा-हिरवट चुरा साचला आणि तिथे समजा 0.05 ओहमचा रोध आला. हेडलाइट 10 अँपिअर घेतात, तिथे अर्धा व्होल्ट जातो, कळतही नाही. सेल्फला 100 अँपिअर लागले तर तिथेच 5 व्होल्ट गायब. 12 मधले 7 उरले, त्यात सेल्फ फिरत नाही. म्हणून 'लाइट लागतो म्हणजे सगळं ठीक' हे खरं नाही.

उत्तर सापडलं, पण बॉनेट उघडायला खाली उतरायला हवं. उतरलो नाही. वीसेक मिनिटांनी एक ट्रक आला, मी हॉर्न दिला. ड्रायव्हरभाऊंनी त्यांचे हेडलाइट आमच्या गाडीवर धरले आणि स्वतः उभे राहिले. मी फडकं गुंडाळून टर्मिनल हातानं पिळलं, तर ते हललं! घट्ट दाबून बसवलं आणि बाबांना चावी फिरवायला सांगितली. एका झटक्यात सुरू.

घरी आल्यावर नीट साफ केलं: काळी वायर आधी काढायची, शेवटी लावायची, नाहीतर पाना बॉडीला टेकला की ठिणगी उडते. खायचा सोडा गरम पाण्यात घालून ब्रशनं घासलं, कोरडं करून घट्ट बसवलं, वर व्हॅसलिन.

अजून एक. आपल्याकडे बॅटरी मरते मे महिन्याच्या उन्हात, पण कळतं डिसेंबरात, कारण थंडीत तिची ताकद कमी होते आणि इंजिन ऑइल घट्ट होतं. त्यामुळे दिवाळीच्या आसपास मिस्त्रीकडून लोड टेस्ट करून घ्या.

आता डिक्कीत 10 नंबरचा पाना, जंपर केबल आणि टॉर्च कायम असतो. आणि बाबांची गोळी मूलच्या स्टँडवरच, चहासोबत.